भर उन्हात चतुर पाहताना: पाणथळीवरचा एक दिवस

पक्षी पाहणारे सकाळी नऊच्या सुमाराला दुर्बिणी आवरून तळ्यावरून निघतात, तेव्हा चतुरांचा दिवस कुठे सुरू होत असतो. चतुर आणि टाचण्या (चतुरांचेच बारीक, नाजूक अंगाचे भाऊबंद) यांच्या अंगात स्वतःची कायमची ऊब नसते. छातीतले स्नायू पुरेसे तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, आणि फार तापले तरी जिवावर बेततं. त्यामुळे काठावर कोण दिसेल, कुठे दिसेल आणि किती वेळ दिसेल हे ऊनच ठरवतं. आम्ही दिवस आखतो तो याच हिशेबानं. असा आखला तर उन्हाळ्यातली दुपारही वाया जात नाही.

जागा निवडताना मोठं तळं शोधायची गरज नाही. उन्हाळ्यात पाणी आटत जातं आणि उरलेल्या पाण्याभोवती सगळी वस्ती दाटते, म्हणून लहान पण वनस्पती असलेलं पाणी बघावं. साधारण १०० मीटरचा काठ पुरे. त्यात उभं पाणकणीस किंवा लव्हाळा, पाण्यावर पसरलेली पानं आणि उघडा गाळ अशा तिन्ही गोष्टी हव्यात, कारण प्रत्येक ठिकाणचे चतुर वेगळे. पाणकणसाच्या ज्या बाजूला वारा लागत नाही, तिथे टाचण्या असतात. वारा सुटला की त्या बाजूलाच जावं, उघड्या काठावर त्यांना शोधण्यात वेळ जातो. सूर्य पाठीशी असावा असं सगळे सांगतात, पण सकाळी आपली सावली लांब असते आणि ती पुढे पाण्यावर पडली की बसलेला चतुर उडालाच. सूर्य पाठीमागे, पण एका खांद्याच्या बाजूला येईल असं उभं राहावं.

सुकल्या गाळाची भेगाळलेली पापडी दिसायला पक्की असते आणि खाली गुडघाभर चिखल असतो. हातात काठी ठेवावी, पुढचं पाऊल टाकण्याआधी ती टोचून पाहावी. भेगांच्या कडा ओल्या दिसायला लागल्या की त्यापुढे जाऊ नये.

दुर्बिणीबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची: ती किती जवळचं स्पष्ट दाखवते. पक्ष्यांसाठीच्या पुष्कळशा ८×४२ (आठ पट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आत धूसर दाखवतात, आणि टाचणी तर त्याच्या आतच बसलेली असते. दोन मीटर किंवा त्याहून जवळ फोकस होणारी ८×३२ चांगली. पेन्टॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ ही दुर्बीण अर्ध्या मीटरवरचंही दाखवते, आणि टाचण्यांसाठी तिच्याइतकी सोयीची दुर्बीण आम्ही वापरलेली नाही. कॅमेऱ्यासाठी अगदी जवळून टिपणाऱ्या १०० मिमी मॅक्रोपेक्षा लांबून टिपणारी ३०० मिमीची टेलिफोटो लेन्स उन्हात जास्त कामाची, कारण तापलेला चतुर जवळ येऊ देत नाही. फोन मात्र सावलीत, कापडात गुंडाळून ठेवावा. बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात आणि उन्हात तापून बंद पडतात.

स्वतःसाठी: फिक्या, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, आणि दिवसभरासाठी माणशी किमान तीन लिटर पाणी. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट प्यावेत, अधूनमधून क्षारसंजीवनीचं पाणी. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पोटरीत गोळे आले की सावलीत बसून अंगावर ओलं कापड घ्यायचं आणि त्या दिवसापुरतं थांबायचं. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून घाम थांबला, तर तो उष्माघात समजावा. लगेच अंग गार करायला घ्यावं आणि दवाखाना गाठावा. डासांसाठीचं, डीट हे रसायन असलेलं मलम हाताच्या तळव्यांना लावू नये: ते दुर्बिणीचं प्लॅस्टिक खातं, आणि तोच हात पाण्यात घातला तर पाण्यातल्या जिवांनाही बरं नाही.

सकाळी सहा ते आठ ही वेळ काती, म्हणजे अळ्यांनी टाकलेल्या कातड्या, शोधण्याची. चतुराची अळी पाण्यात वाढते. काही जातींत हा काळ महिना-दोन महिन्यांचा, काहींत वर्षांचा. वाढ पुरी झाली की अळी देठावर चढते, पाठीवरची कातडी फुटते आणि आतून पंखांचा चतुर बाहेर येतो. उष्ण प्रदेशात मोठे चतुर हे काम बहुधा रात्रीच उरकतात, कारण दिवसा ऊन आणि पक्षी दोन्ही टपलेले असतात. पहाटे पोहोचलं तर मागे राहिलेले काही जण सापडतात. आधी डोकं आणि छाती बाहेर येते, मग प्राणी मागे उलटा लटकून बराच वेळ स्तब्ध राहतो. इथे अनेकांना तो मेला असं वाटतं. तो मेलेला नसतो, पाय कडक होण्याची वाट पाहत असतो. पाय बळकट झाले की तो वर उसळून कात धरतो, पोट (मागचा शेपटासारखा दिसणारा भाग) ओढून काढतो, मग पंख फुलतात आणि शेवटी पोट लांब होतं. एकूण एक ते तीन तास जातात. या वेळात पंखाला बोट लागलं आणि तो दुमडला, तर तसाच वाळतो आणि तो चतुर कधीच उडत नाही. म्हणून देठ हलवू नये आणि फोटोसाठी आजूबाजूचं गवत मोडू नये. मुंग्या, जोराचा वारा, एकाच देठावर झालेली गर्दी यांनी कित्येक जण इथेच संपतात. चुरगळलेल्या पंखांचा चतुर दिसला तर त्याची नोंद करावी.

कात मात्र उचलायला हरकत नाही. पाण्यापासून बोटभर ते हातभर उंचीपर्यंतचे देठ, दगडांच्या उभ्या बाजू आणि पानांची खालची बाजू पाहावी. कातीतून लोंबणारे पांढरे धागे म्हणजे श्वासनलिकांचं अस्तर. टोकाला पानासारखे तीन कल्ले असतील तर ती टाचणीची. आखूड काट्यांचा झुबका असेल तर चतुराची. वाळलेल्या कातीतले तीन कल्ले एकमेकांना चिकटून एकच शेपूट असल्यासारखे दिसतात, म्हणून भिंगातून पाहावं. कात काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती बुरसते. आमच्या मते दिवसभरातली सगळ्यात भक्कम नोंद हीच. उडणारा चतुर दोन किलोमीटरवरून आलेला असू शकतो. कात मिळाली म्हणजे तो याच पाण्यात वाढला.

याच वेळी पाण्याकडेही पाहावं. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेताना दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात रात्रभर शेवाळही तो वापरत असतं, म्हणून सगळ्यात वाईट अवस्था पहाटे असते.

आठनंतर चतुर तापायला लागतात. बसून शिकार करणारे चतुर तापल्या दगडावर किंवा उघड्या मातीवर पंख पसरून ऊन खातात. सतत उडणारे मोठे चतुर उडण्याआधी पंख थरथरवून स्नायू तापवतात. ही थरथर दिसली की पुढच्या काही मिनिटांत तो उडणार. बसणारे आणि उडत राहणारे हा फरक सुरुवातीलाच करावा, कारण दोघांना पाहण्याची रीत वेगळी. क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा लालबुंद नर किंवा हिरवट-काळ्या पट्ट्यांचा ऑर्थेट्रम सबिना हे बसणारे. उडाले तरी बहुधा त्याच काडीवर परततात, म्हणून त्यांच्या मागे धावू नये. उडाला की काडीच्या जवळ दोन पावलं जाऊन थांबावं, परतला की पुन्हा थांबावं. आडवं चालत गेलं तर हालचाल लगेच टिपतात. सरळ रेषेत, वाकून, हळू गेलं तर बरंच जवळ जाता येतं. मोठ्या जातींच्या एकेका संयुक्त डोळ्यात २८ ते ३० हजार भिंगं असतात, लपून काही साधत नाही. साधतं ते संथपणामुळे.

उडत राहणारे अ‍ॅनॅक्ससारखे चतुर काठाच्या ठरलेल्या पट्ट्यावर येरझाऱ्या घालतात. त्यांचा पाठलाग दुर्बिणीनं जमत नाही. एक फेरी नजरेनं पाहायची, ते कुठे वळतात किंवा क्षणभर हवेत थांबतात ते ठिकाण ठरवायचं, आणि तिथे आधीच फोकस लावून ठेवायचा.

साडेनऊ ते साडेबारा हा काठावरचा भर. नर आपापली जागा धरून असतात, माद्या अंडी घालायला थोड्या वेळापुरत्या येतात, आणि त्यामुळे मोजणी केली तर नर कितीतरी जास्त भरतात. माद्या कमी असतात असा याचा अर्थ नाही. त्या काठापासून ५० ते १०० मीटरवरच्या झुडपांत असतात. तिकडे एक फेरी मारल्याशिवाय यादी अर्धीच राहते.

ओळख पटवताना रंगावर विसंबणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. क्रोकोथेमिसचा तरुण नर मादीसारखाच पिवळा असतो. वय वाढतं तसं अंगातल्या रंगद्रव्याचं रासायनिक रूप बदलून पिवळ्याचा लाल होतो. काही जातींत प्रौढ नराच्या अंगावर निळसर-पांढरी मेणचट पूड चढते आणि खालचे पट्टे झाकून जातात. उलट इश्नुरा सेनेगालेन्सिस या टाचणीच्या काही माद्या हुबेहूब नराच्या रंगाच्या असतात. म्हणून आधी रचना पाहावी: दोन्ही डोळे एकमेकांना टेकतात की दूर आहेत, बसताना पंख पसरलेले की पाठीवर मिटलेले, पंखांच्या बुडाशी रंगाचा डाग आहे का, छातीच्या बाजूला पट्टे किती, आणि पोटाच्या दहा खंडांपैकी शेवटचे तीन कसे. नराच्या दुसऱ्या खंडाखाली फुगीर भाग असतो आणि शेवटी चिमट्यासारखे अवयव असतात. जवळच्या जाती त्या चिमट्याच्या आकारावरून वेगळ्या करतात. तेव्हा फोटो किमान तीन हवेत: वरून, बाजूनं आणि शेपटाकडचा भाग जवळून. कॅमेरा चतुराच्या अंगाला समांतर धरावा, लेन्सचं छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवावं, नाहीतर डोळे स्पष्ट आणि टोक धूसर येतं, आणि नेमकं ते टोकच हवं असतं.

छातीखाली किंवा पोटाच्या खालच्या बाजूला लाल मोहरीसारखे दाणे चिकटलेले दिसले तर ती अंडी नव्हेत. त्या पाणकोळ्यांच्या, म्हणजे पाण्यातल्या माइट्सच्या, अळ्या असतात. चतुर पाण्यातून बाहेर पडतानाच त्या अंगावर चढतात आणि रस शोषत राहतात.

मीलन पाहायला संयम लागतो, पण उन्हात ते वारंवार घडतं. नर शेपटाच्या चिमट्यानं मादीला धरतो, चतुरात डोक्याला आणि टाचणीत मानेमागच्या भागाला. त्याचं वीर्य तयार होतं नवव्या खंडात, पण ते देण्याचा अवयव दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली, म्हणून तो आधी स्वतःचं पोट वाकवून ते पुढे आणून ठेवतो. मग मादी पोट पुढे वळवून तिथे जोडते आणि दोघांचं मिळून चक्र तयार होतं. काही चतुरांत हे हवेतच काही सेकंदांत संपतं, इश्नुरा गटातल्या टाचण्यांत काही तास चालतं. एवढा वेळ का, याचं एक उत्तर जीवशास्त्रज्ञ जोनाथन वाग यांनी १९७९ मध्ये एका टाचणीवर दाखवून दिलं: नर आपलं वीर्य देण्याआधी मादीच्या शरीरातलं आधीच्या नराचं वीर्य काढून टाकतो. म्हणूनच मीलनानंतर नर मादीला सोडत नाही किंवा वर घिरट्या घालत राखण करतो. नोंदवहीत ‘जोडी’ एवढंच न लिहिता नर धरून आहे की वरून राखतो आहे ते लिहावं. मादी पाण्यावर शेपूट आपटत अंडी टाकते की देठात टोचून घालते हेही लिहावं, कारण त्यावरून त्या जातीला कोणती वनस्पती टिकलेली हवी ते कळतं. देठात अंडी घालणारी जात असेल आणि काठ साफ करण्याच्या नावाखाली पाणकणीस कापलं जात असेल, तर ती जात तिथून जाणार.

चतुर पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीकृत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून. त्यामुळे काळं चकचकीत प्लॅस्टिक किंवा गाडीचं टपही त्यांना पाणी वाटतं आणि माद्या तिथे अंडी टाकून मोकळ्या होतात. गाडी काठापासून दूर, सावलीत लावावी किंवा टपावर मळकट कापड टाकावं. आपल्यालाही हाच प्रकाश त्रास देतो: पाण्यावरची चमक घालवायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला की खालच्या अळ्या, मासे, पाणसाप दिसतात. मात्र तो उजेड खातो आणि पंखांवरची चमकही कमी करतो, म्हणून चतुराचा फोटो काढताना तो उतरवावा.

भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की बसलेले चतुर पोट सरळ वर, सूर्याच्या दिशेनं उभं करतात. अंगावर पडणारं ऊन कमीत कमी व्हावं म्हणून ही रीत. खात्री करायची असेल तर त्याच्या सावलीकडे पाहावं. पोट सूर्याकडे रोखलेलं असेल तर सावली जेमतेम टिकलीएवढी उरते. नर जागेच्या भांडणातही पोट उचलतात, पण तेव्हा रोख सूर्याकडे नसतो. पंख पुढे झुकवून छातीवर सावली धरणारेही दिसतात. ऊन आणखी वाढलं की बसणारे सावलीत सरकतात. अ‍ॅनॅक्ससारखे मोठे चतुर छातीतलं गरम रक्त पोटाकडे वळवून उष्णता बाहेर टाकतात आणि पंख न हलवता तरंगण्यावर भर देतात. या वेळी हवेचं तापमान सावलीत मोजून वागणुकीशेजारी लिहावं. किती अंशांना कोणत्या जातीनं पोट उभं केलं, किती अंशांना ती सावलीत गेली, ही माहिती कुणालाही साध्या थर्मामीटरवर गोळा करता येते आणि ती फार मोलाची आहे. ढग आला तर थांबावं. मिनिटाभरात काठ रिकामा होतो, ऊन पडताच पुन्हा भरतो, म्हणून ढगाखाली केलेली मोजणी उन्हातल्या मोजणीशी कधीच जुळवू नये.

याच तासांत टिटवीकडे लक्ष द्यावं. ती पाण्यात उतरून पोटाची पिसं भिजवते आणि परत जाऊन उघड्यावरच्या अंड्यांवर बसते, अंडी गार राहावीत म्हणून. टिटवी ओरडत डोक्यावरून झेपावू लागली तर आपण घरट्याजवळ आहोत. आल्या वाटेनं, खाली पाहत मागे फिरावं. भर उन्हात ती उठून राहिली तर थोड्या वेळातही अंडी उन्हानं मरू शकतात, त्यामुळे एका फोटोसाठी थांबणंसुद्धा चुकीचं. काठावरच्या तारेवर बसलेला वेडा राघू चतुर पकडून आपटताना दिसतो. त्याच्या बसायच्या जागेखाली पडलेले पंख गोळा केले तर न दिसलेल्या जातीही कळतात. वंचक बगळा सावलीत निश्चल उभा असतो, दिवड हा पाणसाप फक्त डोकं वर काढून तरंगत असतो. दिवड बिनविषारी आहे, पण चावरा आहे.

पाण्यातल्या अळ्या पाहायच्या तर हीच वेळ, पण ट्रे सावलीत हवा. पांढरा ट्रे, तळाशी दोन-तीन सेंटीमीटर पाणी, त्यात मूठभर पाणवनस्पती झटकायची आणि दोन मिनिटं स्तब्ध बसायचं. आधी निवळ्या आणि पाणभुंगे हलतात, मग अळ्या. चतुराची अळी गुदद्वारातून पाण्याची पिचकारी सोडून पुढे झेपावते. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की फटकन बाहेर येतो. उथळ पाणी उन्हात झपाट्यानं तापतं, म्हणून दहा मिनिटांत सगळं, वनस्पतीसकट, जिथून घेतलं तिथेच सोडावं. पाणविंचू आणि उताणे पोहणारे पाणकिडे डसतात. त्यांना बोटानं नव्हे, चमच्यानं उचलावं.

मोजणीची पद्धत साधी ठेवावी. ठरवलेल्या १०० मीटरवरून संथ चालायचं, पाण्याकडचे दोन आणि जमिनीकडचे तीन मीटर एवढाच पट्टा पाहायचा, मागून पुढे येणारे मोजायचे नाहीत. जोडी म्हणजे दोन. जातीची ओळख पटली नाही तर फक्त गट लिहायचा. अंदाजानं ठोकलेलं नाव पुढच्या माणसाची दिशाभूल करतं, गटाचं नाव करत नाही.

साडेचारनंतर पाण्यापेक्षा आजूबाजूचं मोकळं रान बघावं. पँटाला फ्लॅवेसेन्सचे थवे तिथे जमिनीपासून दोन-पाच मीटरवर चिलटं टिपत फिरतात. त्यांचे मागचे पंख बुडाशी रुंद असतात, त्यामुळे फारसे न फडफडता तरंगता येतं. हाच चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो असं सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. थवा मोजताना एक फोटो काढून त्यातले ठिपके मोजावेत, नजरेचा अंदाज नेहमीच चुकतो.

सूर्य मावळला तरी अर्धा तास थांबावं, कारण थॉलिमिस टिलार्गा आणि झिक्सोमा पेटिओलॅटम हे संधिप्रकाशातले चतुर तेव्हाच पाण्यावर येतात. दिवसा ते दाट सावलीत लटकलेले असतात आणि सहसा दिसत नाहीत. पाण्याच्या पातळीजवळ बसून उजळ आकाशाचं प्रतिबिंब समोर ठेवलं की वेगानं जाणाऱ्या आकृत्या दिसतात. थॉलिमिसच्या नराच्या मागच्या पंखावरचा पांढरा डाग अंधारतानाही चमकतो. फोटो बहुतेक मिळत नाही, उंची, वेग आणि वेळ लिहून ठेवावी.

निघण्याआधी जाळी, ट्रे आणि बुटांचे तळवे तिथल्याच पाण्यानं धुऊन चिकटलेली वनस्पती काढावी आणि दुसऱ्या पाण्यावर नेण्याआधी सगळं कडक उन्हात पूर्ण वाळवावं. जलपर्णीचा लहान तुकडा किंवा बेडकांना मारणारी बुरशी ओल्या बुटावरूनच एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते.